सदिशाचे विघटन : अक्ष आपण निवडायचे असतात

पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते, प्रवासी वडा घ्यायला फलाटावर उतरतात आणि तेवढ्या वेळात गाडीच्या मागच्या टोकाला जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. कर्जतच्या पुढे बोरघाट लागतो आणि तो चढायला बहुतेक गाड्यांना पुढच्या एका इंजिनाचा जोर पुरत नाही. घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर गेलेली असते. कोनात मोजला तर हा चढ जेमतेम दीड अंशाचा. कागदावर काढून दाखवला तर रेघ तिरपी आहे हेही चटकन लक्षात येणार नाही. मग एवढ्याशा चढासाठी मागून इंजिने का लावावी लागतात?

समजा, गाडीचे वजन १,००० टन आहे. हे वजन सरळ खाली काम करते. पण खाली रूळ असल्यामुळे गाडीला सरळ खाली जाता येत नाही. तिला हलायचे तर रुळांच्या दिशेनेच, पुढे किंवा मागे. म्हणून हे वजन दाखवणाऱ्या, खाली रोखलेल्या बाणाचे दोन भाग करायचे. एक रुळांना समांतर, दुसरा रुळांना काटकोनात. ३७ ला १ या चढावर समांतर भाग येतो सुमारे २७ टन आणि लंब भाग सुमारे ९९९.६ टन. लंब भाग रूळ आणि त्यांच्याखालची खडी तोलून धरतात. उरलेले २७ टन मात्र गाडीला सतत मागे ओढत असतात आणि ते इंजिनांनाच पेलावे लागतात. सपाट मार्गावर सावकाश चालणाऱ्या गाडीला टनामागे काही किलो वजनाइतकेच बल पुरते, कारण पोलादी रुळावर पोलादी चाक फार थोड्या अडथळ्याने फिरते. घाटात त्यावर टनामागे २७ किलोंची भर पडते. बँकर लागतात ते या २७ किलोंमुळे.

एका सदिशाच्या जागी दोन (किंवा तीन) सदिश असे मांडायचे की त्यांची बेरीज मूळ सदिशाइतकीच भरेल, याला सदिशाचे विघटन म्हणतात. त्या दोन-तीन सदिशांना घटक म्हणतात. अकरावीच्या भौतिकशास्त्रात हा भाग अगदी सुरुवातीला येतो आणि गती, बल, कार्य, विद्युत क्षेत्र, चुंबकत्व अशा जवळजवळ प्रत्येक पुढच्या प्रकरणात तो गृहीत धरला जातो. तरीही पुष्कळ विद्यार्थी तो ‘आडव्याला कोसाइन, उभ्याला साइन’ एवढ्या एका ओळीवर निभावून नेतात. ही ओळ काही उदाहरणांत चालते आणि बाकीच्यांत दगा देते. बोरघाटाच्या उदाहरणात ती पहिल्याच पायरीला अडते, कारण तिथे आडवे-उभे असे काही घेतलेलेच नाही.

कळीचा मुद्दा हाच आहे. सदिशाबरोबर त्याचे घटक ठरून येत नाहीत. एकाच बाणाचे अगणित जोड्यांत भाग पाडता येतात आणि त्यांतली कोणती जोडी घ्यायची हे गणित सोडवणाऱ्याने ठरवायचे असते. निवड करताना एकच प्रश्न विचारावा : या उदाहरणात वस्तू कोणत्या दिशेने हलू शकते? एक अक्ष त्या दिशेने घ्यावा, दुसरा तिला काटकोनात. घाटातल्या गाडीसाठी अक्ष रुळांच्या दिशेने, घसरगुंडीवरच्या मुलासाठी घसरगुंडीच्या दिशेने, फेकलेल्या चेंडूसाठी आडवा आणि उभा. चेंडूला आडवा-उभा का, याचेही कारण आहे. गुरुत्वाकर्षण फक्त उभ्या दिशेने ओढते, त्यामुळे हवेचा अडथळा सोडला तर आडवा वेग शेवटपर्यंत बदलत नाही. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रक्षेप्याची गती सोडवली ती याच दोन दिशा वेगळ्या करून.

आता पद्धत. कच्च्या कागदावर आकृती काढावी, तीही ऐसपैस. बोटभर आकृतीत कोन चुकीच्या जागी वाचला जातो. सदिशाचा बाण काढून त्याच्या शेपटीपाशी निवडलेले दोन अक्ष आखावेत. बाणाच्या टोकापासून दोन्ही अक्षांवर लंब टाकावेत, म्हणजे एक आयत तयार होतो. मूळ सदिश त्या आयताचा कर्ण आणि घटक त्याच्या बाजू. यानंतर साइन-कोसाइनचा प्रश्न पाठांतराचा राहत नाही. बाण आणि अक्ष यांच्यामध्ये दिलेला कोन ज्या अक्षाला चिकटून आहे त्या अक्षावरच्या घटकाला कोसाइन, समोरच्या घटकाला साइन. आडवे-उभे हे शब्द मनातून काढून टाकावेत आणि ‘कोनाला लागून’ व ‘कोनासमोर’ एवढेच पाहावे.

उतारावरच्या उदाहरणात गोंधळ होतो तो इथेच. दिलेला कोन असतो उताराचा आणि जमिनीचा. वजनाचा बाण मात्र सरळ खाली. मग तो कोन बाणापाशी कुठे बसतो? उताराला काढलेला लंब आणि उभी रेषा यांच्यामधला कोन उताराच्या कोनाएवढाच असतो, कारण उतार जमिनीपासून जितका कलला तितकाच त्याचा लंब उभ्या रेषेपासून कलतो. म्हणून इथे लंब घटकाला कोसाइन आणि उताराच्या दिशेच्या घटकाला साइन. हे भूमितीने पटले तरी परीक्षेच्या घाईत डळमळते. तेव्हा एक तपासणी करावी, दहा सेकंदांत होते. कोन शून्य केला तर काय व्हायला हवे? उतार सपाट झाला, म्हणजे वस्तूला घसरवणारा घटक शून्य व्हायला हवा. साइन ०° शून्य आहे, कोसाइन ०° एक आहे. अर्थात घसरवणाऱ्या घटकाला साइनच. कोन ९०° करूनही पाहावे : भिंतीसारख्या उतारावर सगळे वजन खाली ओढते आणि पृष्ठभागावर दाब उरत नाही. उत्तर या दोन्ही टोकांना बरोबर वागले, तर मध्येही बहुधा बरोबरच असते.

दुसरी पडताळणी पायथागोरसची. घाटातले २७ आणि ९९९.६ यांची साधी बेरीज १,०००च्या वर जाते. ते पाहून काही विद्यार्थी चमकतात. जादा २६.६ टन आले कुठून? कुठूनच नाही. काटकोनातल्या घटकांच्या परिमाणांची बेरीज करायची नसते, त्यांच्या वर्गांची करायची असते. २७चा वर्ग आणि ९९९.६चा वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की १,००० परत मिळतात.

चढाची तुलना करायची असेल तर कोकण रेल्वे घ्यावी. तिथे मार्गाची आखणी करताना चढ १५० ला १ पेक्षा तीव्र होऊ द्यायचा नाही असे बंधन पाळले गेले. त्या चढावर हजार टनांची गाडी मागे ओढली जाते ती पावणेसात टनांच्या आसपास. डोंगर चढून जाण्याऐवजी पोटातून बोगदे आणि दऱ्यांवरून उंच पूल नेण्याचा खटाटोप केला, त्याचे फळ या आकड्यात दिसते. उलट टोकाला नेरळ-माथेरानची छोटी गाडी. १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गावर चढ २० ला १ पर्यंत जातो, म्हणजे टनामागे ५० किलो. तिचे डबे इवलेसे का आणि वेग बैलगाडीच्या पंक्तीतला का, याचे एक मोठे कारण हा साइनचा आकडा आहे.

अक्ष प्रश्नाप्रमाणे बदलतात याचे याहून ठसठशीत उदाहरण मुंबईच्या विमानतळावर मिळते. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. एकीची टोके ०९ आणि २७, दुसरीची १४ आणि ३२. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचे शून्य गाळून लिहिलेली. २७ म्हणजे सुमारे २७०°, म्हणजे विमान पश्चिमेकडे तोंड करून उतरणार. ३२ म्हणजे सुमारे ३२०°, वायव्येकडे.

पावसाळ्यात मुंबईत वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. समजा, तो २४०° कडून २० नॉट वेगाने वाहतो आहे. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) वैमानिकाला या वाऱ्याचे दोन घटक हवे असतात. धावपट्टीच्या दिशेने समोरून येणारा आणि धावपट्टीला आडवा. समोरचा वारा उपयोगाचा, कारण त्याने जमिनीच्या संदर्भातला वेग कमी होतो आणि विमान कमी अंतरात थांबते. आडवा वारा विमानाला बाजूला ढकलतो, म्हणून तो किती चालेल याच्या मर्यादा प्रत्येक विमानासाठी ठरलेल्या असतात. २७ वर उतरायचे तर वारा आणि धावपट्टी यांच्यात ३०° कोन आहे. समोरचा घटक २० गुणिले कोसाइन ३०°, म्हणजे १७.३ नॉट. आडवा घटक २० गुणिले साइन ३०°, म्हणजे बरोबर १० नॉट. आता तोच वारा ३२ या धावपट्टीवर पाहावा. कोन ८०°. समोरचा घटक उरतो ३.५ नॉट आणि आडवा होतो १९.७ नॉट. वाऱ्यात तसूभरही फरक नाही. अक्ष बदलले, घटक बदलले आणि विमान उतरवण्याचे काम अवघड झाले.

या उदाहरणात दोन सापळे आहेत आणि दोन्ही ओळखून ठेवण्याजोगे आहेत. हवामानखाते वाऱ्याची दिशा सांगते ती वारा *कुठून* येतो त्याची. सदिशाचा बाण काढायचा तो वारा *कुठे* जातो तिकडे. २४०° कडून येणाऱ्या वाऱ्याचा बाण ६०° कडे जातो. दुसरा सापळा कोन मोजण्याचा. गणिताच्या पुस्तकात कोन पूर्वेकडच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. होकायंत्रावर तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. त्यामुळे होकायंत्राचा कोन दिला असेल तर पूर्वेच्या घटकाला साइन लागते आणि उत्तरेच्या घटकाला कोसाइन. वरच्याच वाऱ्याचा पूर्वेकडचा घटक २० गुणिले साइन ६०°, म्हणजे १७.३ आणि उत्तरेकडचा १०. ‘आडव्याला कोसाइन’ पाठ केलेला विद्यार्थी हे आकडे हमखास उलटे लिहितो.

आकडेमोडीच्या चुका थोडक्यात. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर साइन ३० चे उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येते, म्हणून सुरुवातीलाच साइन ३० दाबून पाहावे. घटकाची दिशा निवडलेल्या अक्षाच्या उलट असेल तर उणे चिन्ह लावायचे आणि शेवटपर्यंत सांभाळायचे. घटकांवरून मूळ सदिशाची दिशा काढताना टॅन-व्यस्त डोळे मिटून वापरू नये. आडवा घटक उणे ३ आणि उभा अधिक ४ असेल तर कॅल्क्युलेटर उणे ५३° दाखवतो. आकृती मात्र सांगते की बाण डावीकडे वर गेला आहे, म्हणजे खरा कोन १२७° च्या आसपास. विश्वास आकृतीवर ठेवावा. आणि सर्वांत महाग पडणारी चूक अशी : वजनाचे दोन घटक काढून झाले तरी मूळ वजनाचा बाण आकृतीत तसाच ठेवून तोही समीकरणात मोजला जातो. घटक काढले की मूळ बाणावर काट मारायची. घटक त्याच्या *जागी* आलेले असतात, जोडीला नव्हेत.

मैदानावरच्या रोलरचे जुने उदाहरण अजूनही शिकवण्यासारखे आहे. रोलर ६० किलोंचा, लावलेले बल २० किलो वजनाइतके, दांडा जमिनीशी ३०° कोनात. ओढताना बलाचा उभा घटक वर असतो, १० किलोंचा. म्हणून जमिनीवर ५० किलोंचा दाब. ढकलताना तोच घटक खाली येतो आणि दाब ७० किलोंचा होतो. पुढे नेणारा आडवा घटक दोन्हीकडे सारखाच, १७.३. मऊ जमिनीत रोलर ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे का, ते या दोन आकड्यांत आहे.

आतापर्यंतची सगळी उदाहरणे काटकोनातल्या अक्षांची होती. अक्ष काटकोनात नसले की चित्र पालटते आणि इथे शिक्षकांनीही थोडा जादा वेळ द्यावा असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते, कारण ही बाजू परीक्षेत कमी आणि व्यवहारात जास्त भेटते.

दहीहंडीची दोरी घ्यावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधलेली, मधोमध हंडी. हंडी तिच्यातल्या ऐवजासकट १० किलोंची धरू. हे वजन दोरीच्या दोन्ही बाजूंनी मिळून पेलायचे आहे, म्हणजे त्याचे विघटन दोरीच्या दोन दिशांना करायचे. त्या दिशा एकमेकींना काटकोनात नाहीत. समजा, दोरी प्रत्येक बाजूला आडव्या रेषेशी १०° कोन करते. इथे कोणी सवयीने ‘वजनाचा दोरीवरचा घटक म्हणजे १० गुणिले साइन १०°’ असे लिहील आणि उत्तर काढील १.७ किलो. हे साफ चूक. १.७ हा वजनाचा दोरीच्या दिशेवरचा प्रक्षेप आहे, म्हणजे लंब टाकून मिळालेली लांबी. अक्ष काटकोनात असले तर प्रक्षेप आणि घटक एकच असतात. नसले तर त्यांचा काही मेळ नसतो.

बरोबर रीत अशी. दोन्ही बाजूंच्या ताणांचे उभे घटक मिळून १० किलो व्हायला हवेत. एका ताणाचा उभा घटक ताण गुणिले साइन १०°. म्हणून दुप्पट ताण गुणिले ०.१७४ बरोबर १०. ताण येतो जवळजवळ २९ किलो. हंडीच्या वजनाच्या तिपटीहून थोडा कमी! दोरी आणखी ताणून कोन ५° केला तर ताण ५७ किलो. २° केला तर १४३ किलो. घटक मूळ सदिशापेक्षा मोठे असू शकतात, अनेक पटींनी मोठे, हे काटकोनी अक्षांच्या सवयीतून कधी सुचत नाही. त्या आयतात कर्णच सर्वांत मोठा असतो. अक्ष काटकोनात नसले की आयताच्या जागी समांतरभुज चौकोन येतो आणि त्यात तशी सक्ती नसते.

मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी यात व्यवहाराची गोष्ट आहे. दोरीला झोळ राहू द्यावा. झोळ काढून ती तारेसारखी ताठ केली की हंडी १० किलोंचीच राहते, पण ज्या खांबाला किंवा कठड्याला दोरी बांधली आहे त्यावरची ओढ कैक पटींनी वाढते. त्यात एखादा गोविंदा दोरीला लोंबकळला तर हिशेब कुठे जाईल हे वरच्या आकड्यांवरून सहज काढता येते. विटांचा जुना कठडा खाली दाबणारे वजन सोसतो. आडवी ओढ सोसण्यासाठी तो बांधलेला नसतो.

बलांचे असे भाग पाडण्याची कल्पना सदिश या संकल्पनेहून जुनी आहे. फ्लँडर्सच्या सायमन स्टेव्हिनने १५८६ सालच्या ग्रंथात उतारावरच्या वजनाचा हिशेब मांडला. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त गतीचे नियम दिल्यानंतर लगेच बलांची जोडणी आणि विघटन यांविषयीची उपप्रमेये दिली. आज वापरतो ती एकक सदिशांची आय, जे, के ही अक्षरे हॅमिल्टनच्या १८४३ च्या क्वाटर्निअन नावाच्या संख्यांमधून आली आणि सदिशांचे सध्याचे गणित गिब्ज व हेविसाइड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवले. तीन मितींतही पद्धत तीच राहते. आयताच्या जागी पेटी येते आणि दोन वर्गांऐवजी तीन वर्गांची बेरीज.

हे सगळे हाताला कळावे यासाठी घरी एक प्रयोग जरूर करावा. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली, दीड-दोन मीटर दोरी आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचे दोन हातकाटे एवढे पुरे. बाटली दोरीच्या मधोमध बांधावी, दोरीची टोके दोन काट्यांना अडकवावीत आणि दोघांनी एकेक काटा धरून सारख्या उंचीवर उभे राहावे. हात जवळ असताना, दोरी जवळजवळ उभी असेल तेव्हा प्रत्येक काटा अर्धा किलो दाखवील. हळूहळू एकमेकांपासून दूर सरकावे. दोरी आडव्या रेषेशी ४५° झाली की ०.७ किलो, ३०° ला बरोबर एक किलो, १०° ला २.९ किलो. कोन मोजायला भ्रमणध्वनीतले कोनमापक चालते. आकडे वहीत लिहून शेजारी एक भागिले दोन साइन या सूत्राचे उत्तर लिहावे आणि फरक किती पडतो ते पाहावे. शेवटी दोरी अगदी सरळ, शून्य अंशाची करण्याचा दोघांनी मिळून प्रयत्न करावा. ती होणार नाही, कारण साइन शून्य अंश शून्य असल्याने लागणाऱ्या बलाला मर्यादाच राहत नाही.